दोम म्हणजे घर, विहीणबाई

मायाताई, तुमच्या घरात दुपारी झोप फार लागते. कूलर घरघरतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येतो, आणि अकोल्याच्या जठारपेठेतली दुकानं अर्धं शटर ओढून गप्प होतात. मी तुमच्या खुर्चीत बसते, डोळा लागतो आणि आपण कुठल्या गावात आहोत तेच कळत नाही. काल वाटलं, मूर्तिजापूरच्या बाकावर आहे. परवा तर आपण दोघी कुठल्याशा बर्फाच्या गावात चाललो होतो. तुमच्या पायात रोजच्याच चपला, खांद्याला तीच कापडी पिशवी, आणि प्रत्येक दारावरची पाटी वाचून तुम्ही सांगत होतात, "हा दोम. हाही दोम. पण याचा आन् त्याचा संबंध नाही बरं." जागी झाले तर समोर तुमची करुणा चहा घेऊन उभी. तिचा चेहरा हल्ली तुमच्यासारखा दिसायला लागलाय. मला एकदम रडू आलं, आणि तिला वाटलं, चहा उशिरा आणला म्हणून सासूबाई रडताहेत.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातल्या बायका बोलल्या, तुमच्या हाताखाली इंग्रजी शिकलेले विद्यार्थी बोलले. त्यातले काही आता स्वतःच आजोबा झालेत. मला म्हणाले, तुम्हीही दोन शब्द बोला. मी उठले नाही. काय सांगणार होते? मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली बाई, माझ्या मुलानं यांच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं, आणि तेव्हापासून आम्ही दोघी विहिणी युरोपातल्या एका शब्दावरून भांडत आलो, असं सांगितलं असतं तर लोकांनी मला पाणी पाजून खाली बसवलं असतं. दोन शब्द म्हणे. आपल्याला एकच शब्द पुरला होता.

कोर्टातल्या लग्नात विहिणीची पंगत नसते. त्यामुळे रुसायला, फुगायला, पाटावरून उठून जायला मला जागाच मिळाली नाही. सही केली, पेढा खाल्ला, झालं. मग प्रश्न आला, आधी कोणी कोणाच्या घरी जायचं. तो तुम्हीच सोडवलात, फोनवर, पोरांना गणित समजावून द्यावं तसा. "ईनबाई, मी तुमच्या घरी आधी आली तर लोक म्हणतील, लेकीच्या मांगं मांगं आली. तुमी आधी आल्या तर तुमच्या सासरचे, तिवशाचे लोक म्हणतील, पाहा, तिकडं जेवून आली. आपण मधात भेटू. मधात मूर्तिजापूर आहे."

अशा रीतीनं जगात कुठल्याच दोन विहिणी भेटत नसतील अशा आपण भेटू लागलो. मी अमरावतीशेजारच्या बडनेऱ्याहून गाडी पकडायची, तुम्ही अकोल्याहून. फलाटाच्या टोकाला झाडाखालचा बाक. तुमच्या डब्यात गोळाभात, माझ्या डब्यात भरीत-भाकर आणि मोसम असला की तिवशाच्या मळ्यातली संत्री. गाड्या यायच्या, जायच्या, चहावाला विचारायचा, "बाई, तुमची गाडी कोणती?" आणि तुम्ही म्हणायचात, "आमाले कुठी जायचं नाही बाप्पा, आमी बसाले आलो." उन्हात रूळ पाण्यासारखे हलायचे. बोलता बोलता आपल्यापैकी एकीला डुलकी लागायची आणि दुसरी बोलत राहायची. आयुष्यभर मी परक्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. 'बोला, परतवाडा लागलाय' म्हणायचं आणि मधून बाजूला व्हायचं. त्या बाकावर पहिल्यांदा वाटलं, ही लाईन माझी आहे.

आणि पोरं तिकडे गाव बदलत राहिली. अनिकेतच्या कंपनीचं काम असं की बूड कुठे टेकायचंच नाही. त्यावरूनही तुम्ही मला सोडलं नाहीत. "नावच अनिकेत ठेवलं तुमी. ज्याले घर नाही तो अनिकेत. मंग आता रडता काहून?" मी म्हटलं, बाई, आम्ही आवाज गोड वाटला म्हणून ठेवलं, अर्थ कोण बघतं? तुम्ही कपाळाला हात लावलात. अर्थ न बघता कोणी नाव ठेवतं, हे तुम्हाला चोरीसारखं वाटायचं.

पहिलं बिऱ्हाड पोलंडमध्ये. वॉर्साला. तिथून करुणानं व्हिडिओवर घर फिरवून दाखवलं, आणि म्हणाली, इथे घराला दोम म्हणतात. रोमन लिपीत तीनच अक्षरं, डी, ओ, एम. तुमचे कान टवकारले. पुढच्या भेटीत तुम्ही बाकावर बसायच्या आधीच सुरू झालात. रशियनमध्येही दोमच, लॅटिनमध्ये दोमुस, ग्रीकमध्ये दोमोस, आणि आपल्या वेदातल्या संस्कृतात दम्, म्हणजे घर. "दंपती म्हणता ना तुमी लग्नपत्रिकेत? ते नवराबायको नाही. दम् म्हणजे घर, पती म्हणजे धनी. घराचे दोन धनी. झालं. तुमच्या देवाची भाषा तुमाले मीच शिकवाव काय?" मी म्हटलं, शिकवा, पण आधी गोळा थंड होतोय तो खा. तुम्हाला पाहून मला त्या दिवशी वाटलं होतं, वॉर्सा काही फार लांब नाही. तिथली कोणी बाई कुलूप उघडून आत शिरताना जो शब्द मनात म्हणत असेल, तो कधीकाळी इथल्याही एखाद्या बाईच्या तोंडात होता.

मग जर्मनी. कोलोनला त्यांच्या खिडकीतून दोन काळे उंच मनोरे दिसायचे आणि गावातले लोक त्याला म्हणायचे दोम. करुणा म्हणाली, आई, आता दोम म्हणजे मोठं चर्च झालं. मी तर गडबडलेच. तुम्ही शांत. तेही त्याच लॅटिन घरातून आलेलं, म्हणालात, देवाच्या माणसांचं घर म्हणता म्हणता देऊळच त्या नावाचं झालं. "रक्ताचंच नातं आहे. नुसतं मोठं झालं, पैशेवाल्या भावावानी." तेव्हा हसलो. पण मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, देवालाही शेवटी घर लागतंच. हे तुमच्यापुढे बोलले नाही. तुम्ही देव मानत नव्हतात, आणि मी सकाळी माझ्या देवांना पाणी घातल्याशिवाय चहा पीत नव्हते. हा विषय आपण दोघी बाकावर मधे ठेवलेल्या डब्यासारखा जपून टाळायचो.

हॉलंड मात्र मला विसरता येत नाही. उट्रेख्त. तिथेही एक उंच दोम उभा आहे, चर्चचा मनोरा, पण त्याच गावात पोरंसोरं ज्याला 'ढ' म्हणायचं त्याला म्हणतात दोम. आपली नात मीरा तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. मधल्या सुट्टीत एक मुलगी तिला जोरात म्हणाली, दोम! आणि मीरानं आनंदानं मान हलवून बोट दाखवलं, तो बघ, त्या कोपऱ्यावर. तिच्या डोक्यात पोलंडचाच दोम, तिला वाटलं, मुलगी विचारतेय, तुझं घर कुठंय. दुसऱ्या दिवशी आपण बाकावर असताना करुणानं हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून पदर डोळ्याला लावलात. मग तो पदर तुम्ही खाली घेतलाच नाहीत. पदराआडूनच म्हणालात, "पोरीचा अपमान झाला आन् पोरीले तो समजलाच नाही. असं नशीब आमच्या कोणाले भेटलं नाही, ईनबाई." मी तुमचा हात धरला. त्याआधी मी तुमचा हात कधी धरला नव्हता.

त्याच दिवशी आपलं ते भांडण सुरू झालं. तुम्ही सांगत होतात की हा ढ-वाला दोम घरातला नाही. तो इंग्रजीतल्या 'डम्ब'चा भाऊ, मुक्या-बहिऱ्यांच्या कुळातला. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं नाही, शब्दाचं कूळ पाहावं लागतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वा! माणसात कूळ पाहू नका म्हणून तुमी जन्मभर सांगता आन् शब्दात मात्र पाहता? एका गावात राहतात, एका नावानं हाक मारली तर दोघंही ओ देतात, मंग ते सोयरे नाहीत काय?" करुणाचं लग्न ठरलं तेव्हा तिवशाला माझ्या जाऊबाईंनी चुलीपुढे बसून हेच विचारलं होतं, कूळ कोणतं? तो प्रश्न माझ्या कानात अजून सलत होता, आणि तुमच्या तोंडून तोच शब्द ऐकला. तुम्ही रागावला नाहीत. संत्र्याच्या फोडीवरची शीर काढत म्हणालात, "शब्दाले कूळ इचारलं तर त्याले लागत नाही. माणसाले लागते. म्हणून शब्दाले इचारतो."

मी हार मानली नाही, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आपण तेच उकरून काढायचो. तुमचं म्हणणं, नातं हे असतं, ते शोधावं लागतं. माझं म्हणणं, नातं नसतंच, ते करावं लागतं. रक्ताचं तर आपल्यात काही नव्हतं. आपण सोयऱ्या. मी तुमच्याशी वाद घालत होते तो शब्दांसाठी नव्हताच, मायाताई. तुम्हाला ते कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

एकत्र राहायचं मी काढलं. यजमान गेल्यावर अमरावतीचं घर मला खायला उठलं होतं. तुम्ही तर किती वर्षांपासून एकट्याच. एकदा गाडी उशिरा होती, फलाट रिकामा झाला होता, आणि मी म्हटलं, "काहून असं मधात मधात भेटत राहायचं? तुमी अमरावतीले या राहाले." तुम्ही लगेच, "तुमीच या की अकोल्याले. माझं वाचनालय इथं, विहार इथं." मी म्हटलं, तुमचं अकोलं भट्टी आहे. तुम्ही म्हणालात, तुमची अमरावती काय महाबळेश्वर लागून गेली? मग म्हटलं, मूर्तिजापूरलाच खोली घेऊ. चहावाल्यानं ऐकलं आणि म्हणाला, घ्या बाई, तसंही तुमी इथंच राहता.

हसण्यावारी गेलं, पण गेलं नाही. पुढची दोन वर्षं आपण तेच बोलत होतो. दोन विहिणी एका छपराखाली, लोक काय म्हणतील, हे आपण केव्हाच निकालात काढलं होतं. अडलं ते देवांपाशी. मी म्हटलं, मी येते अकोल्याला, हरले मी, पण माझे देव माझ्यासोबत येतील. तुम्ही हळूच म्हणालात, "त्या घरात माझ्या आईनं, माझ्या बापानं देव सोडले, ईनबाई. राग नका धरू. ते सोपं नव्हतं." मी राग धरला नाही. पण देवही सोडू शकले नाही. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सासरी निघताना माझ्या ओटीत घातलेली ती पितळी अन्नपूर्णा, तिला कुठे ठेवून येऊ? दोघींचंही खरं होतं. म्हणूनच ते सुटत नव्हतं.

दरम्यान पोरं स्वीडनला पोचली होती. तिकडेही तो शब्द त्यांच्या आधीच जाऊन बसलेला. लिहायचं तेच, उच्चार जरा ओढून, आणि अर्थ न्यायनिवाडा. कोर्टाचा निकाल म्हणजे दोम. शिवाय बोलताना 'ते लोक' म्हणायचं असलं तरी दोम. मीरानं हे दुसरं सांगितलं तेव्हा तुमचा आवाज पडला. ते लोक. तिवशाला तुमच्याबद्दल बोलताना सगळे हेच म्हणायचे, नाव कोणी घेत नव्हतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

आपलं शेवटचं बोलणं झालं ते याच स्वीडनच्या दोमवरून. तुम्ही फोन केलात, आवाजात शाळकरी पोरीचा आनंद. निकालवाला दोम सापडला म्हणे. इंग्रजीतल्या 'किंगडम', 'फ्रीडम'च्या शेपटीला लागलेला तो हाच, आणि त्याचं मूळ आपल्या 'धा' धातूपाशी जातं. धा म्हणजे ठेवणे. ठेवलेलं, ठरवलेलं, म्हणून निकाल. "आन् त्याच धातूचं आपल्याकडं काय झालं सांगू? धाम. धाम म्हणजे काय?" मी म्हटलं, घर! मी अक्षरशः ओरडले. शेजारीण डोकावली. म्हटलं, बघा, मी म्हणत होते ना, शेवटी घरच निघालं! तुम्ही म्हणालात, "पण कूळ येगळं. त्याचं येगळं, याचं येगळं. दोन कुळातले दोन शब्द, दोन रस्त्यानं फिरत फिरत आले आन् दोघंही घरातच टेकले."

मग लाईनवर नुसती खरखर. एक्स्चेंजमध्ये असताना अशी शांतता आली की आम्ही विचारायचो, संपलं का बोलणं? मी ते विचारलं नाही. मी विचारलं, "मंग येऊ काय मी?" तुम्ही म्हणालात, "देवाचं पाहतो." आणि फोन ठेवलात.

आपल्याकडे 'पाहतो' म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या कोणालाही विचारा. मुलीच्या स्थळाला 'पाहतो' म्हटलं की पुढचं स्थळ शोधायचं. मी दोन आठवडे तुमच्यावर धुसफुसत होते. मग एका सकाळी करुणाचा फोन आला, तिकडे अजून उजाडायचं होतं, आणि ती नुसती, "आई, आई गेली," एवढंच म्हणत राहिली. झोपेतच गेलात. मी पहिल्यांदा तुमच्या घराचा जिना चढले तो असा. तुम्हाला निळ्या-पांढऱ्या फुलांत ठेवलं होतं आणि बायका त्रिसरण म्हणत होत्या. मी दारातच उभी. मला आत जायला हो म्हणणाऱ्या तुम्ही, आणि तुम्ही तर काही बोलत नव्हतात.

तेव्हापासून इथेच आहे, करुणा-मीराला सोबत म्हणून. आणि खरं सांगू, एकच गोष्ट मला खात होती. तुम्ही नाही म्हणाला होतात की काय? नाही असतं तरी चाललं असतं. पण न कळता तुमच्या खुर्चीत बसणं जड जात होतं. पाहुणी म्हणून बसले की तुमच्या आठवणीनं जीव गलबलतो, आणि घरची म्हणून बसायची हिंमत होत नाही. करुणाची रजा संपत आली आहे. घर काढून टाकायचं तिच्या मनात आहे, तिचंही बरोबर, कोण बघणार इथे? आज संध्याकाळी दलाल येणार होता.

म्हणून आज सकाळी तिनं मागची खोली उघडली. तुम्ही गेलात तेव्हा आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या त्यात कोंबलेल्या होत्या, त्यामुळे मी ती पाहिलीच नव्हती. गाद्या बाहेर काढल्या. खोली रंगवलेली. खिडकीशी पलंग, नव्या दोरीनं विणलेला. आणि पूर्वेच्या भिंतीला एक फळी, नव्या लाकडाची, दोन्ही बाजूंनी बारीक नक्षीचे कठडे. करुणा म्हणाली, "पुस्तकांसाठी केली असेल आईनं. पण इतकी खाली काहून?" खालच्या मजल्यावरच्या निर्मलाबाई मदतीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तकाची नाही ते. ताईनं सुताराले दोनदा बलावलं. पयले उंच लावली होती त्यानं. ताई म्हणे, खाली घे, माही ईन ठेंगणी हाये, तिचा हात पोचला पाह्यजे. सुतार म्हणे, बौद्धाच्या घरी देव्हारा? तं ताई म्हणे, माह्या घरी नाही बाबू, तिच्या घरी लावून राह्यला तू."

करुणानं फोन उचलला आणि दलालाला सांगितलं, येऊ नका, घरात माणूस आहे. निर्मलाबाई गाद्या घेऊन खाली गेल्या. तुम्ही ताडमाड, मायाताई, ती फळी तुमच्या खांद्याशी आली असती. मी भिंतीपाशी गेले आणि हात वर केला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.